मदत हवी आहे: चीनमधल्या बारावीच्या मुलीचं इंग्रजी ऐकणं नेमकं कसं तपासू?

नमस्कार मंडळी. मी चीनमध्ये नानजिंगला राहते. शेजारची मुलगी इथल्या बारावीला आहे, येत्या जूनमध्ये तिची गाओखाव, म्हणजे इथली विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. इंग्रजीचा पेपर १५० गुणांचा, त्यात वाचनाला ५० आणि ऐकण्याला ३०. वाचनात ती पक्की आहे. गाडी अडते ती ऐकण्यात.

पहिले ५ छोटे संवाद एकदाच ऐकवतात. उत्तर द्यायला आणि पुढचा प्रश्न वाचायला मिळून १० सेकंद. पुढचं सगळं दोनदा ऐकवतात, तिथे ती सावरते. पेपरच्या सुरुवातीला नमुन्याचा प्रश्न असतो, शर्ट कितीला: १९.१५, ९.१८ की ९.१५ पाउंड? तसल्या आकड्यांत ती सहसा चुकत नाही. पण कुणी आडवळणाने नकार दिला की तिला तो होकारच वाटतो.

आता तिला शब्दच ऐकू येत नाहीत की बोलण्याचा रोख कळत नाही, हे मला शोधायचंय. विचार असा आहे: आज संवाद ऐकवून उत्तर घ्यायचं, काही दिवसांनी तोच लिहिलेला द्यायचा. वाचूनही चुकली तर दोष कानाचा नाही. पण एकदा ऐकलेलं डोक्यात राहतंच, मग ही तपासणी खरी धरावी का? सारख्याच अवघडपणाचे दोन वेगळे संवाद घ्यायचे तर ते कसे निवडता? की सरळ श्रुतलेखन घेऊ?

इंग्रजी शिकवणाऱ्यांनी कृपया अनुभवातून सांगा. पोर फार कष्टाळू आहे, रात्री उशिरापर्यंत शाळेतच असते, त्यामुळे रोज दहा-पंधरा मिनिटांत बसेल असंच सुचवा.