डाळिंबाची साल, सावंत काकांचा अंगठा आणि बी विंगचा ग्रुप

प्रभू काकू (२०३): आलेला मेसेज पुढे पाठवतेय. "डाळिंबाची साल फेकू नका! वाळवा, पूड करा, जखमेवर दाबा. सगळे जंतू खलास. महागडी मलमं विसरा. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. दहा जणांना पाठवा."

अमित (४०१): कुठल्या शास्त्रज्ञांनी, ते मात्र अकराव्या माणसाला कळणार बहुतेक.

प्रभू काकू: हसू नकोस रे. आमच्याकडे पोट बिघडलं की आई हीच साल उगाळून द्यायची.

सावंत काका (१०४): मी तर लावतोय कालपासून. नवीन चप्पल अंगठ्याला चावली होती. दुखत अजिबात नाही.

नेहा (५०३): काका, तुम्हाला शुगर आहे ना? मग दुखत नाही यावर जाऊ नका. शुगरमध्ये पायाच्या नसा बधिर होतात, आत पू झाला तरी कळत नाही. पूड धुवून टाका आणि आजच डॉक्टरांना दाखवा.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत. ११ ते ४ पाणी नाही. भरून ठेवा.

प्रभू काकू: नेहा, तू मायक्रोबायॉलॉजीवाली, तूच सांग. खोटं आहे का हे सगळं?

नेहा: खोटं नाही काकू, अर्धवट आहे. कॉलेजात आम्ही हाच प्रयोग केलाय. जंतू वाढवायच्या आगरच्या प्लेटवर स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू पसरायचा, गळवं करणारा तोच. मध्ये भोक पाडून त्यात सालीचा अर्क घालायचा. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती गोल स्वच्छ जागा दिसते, तिथे जंतू वाढलेलेच नसतात. डाळिंबाच्या सालीचं वर्तुळ छान येतं. तिच्यात टॅनिन खच्चून असतं, त्यातलं मुख्य प्युनिकॅलॅजिन. साल चावली की तोंड आवळतं ना, ते टॅनिन प्रथिनांना धरतं म्हणून. जंतूंच्या प्रथिनांनाही ते असंच धरतं.

अमित: मग अडलं कुठे?

नेहा: तो अर्क असतो, पूड नाही. साल मेथॅनॉल किंवा इथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची, द्रावक उडवायचा, उरलेलं वजन करून घालायचं. आपण जी साल गच्चीत वाळवतो तिच्यावर धूळ, बुरशी, फवारणीचं औषध, कबुतरांची कृपा, सगळं असतं. शिवाय स्टॅफिलोकोकसला जे रोखतं ते स्यूडोमोनास या दुसऱ्या जंतूला रोखेलच असं नाही. त्याला बाहेरून आणखी एक आवरण असतं, आणि चिघळलेल्या जखमेत तो हमखास सापडतो. आणि प्लेटवर वर्तुळ तर भांडी घासायच्या साबणाचंही येतं. तो कोणी जखमेत भरत नाही.

अमित: उंदरांवर जखमा लवकर भरल्या असं मी वाचलंय.

नेहा: भरतात. अर्काचं मलम लावलेल्या उंदरांच्या जखमा लवकर मिटल्याचे पेपर बरेच आहेत. पण उंदराची कातडी सैल, त्याची जखम मुख्यतः आक्रसून मिटते. आपली बरीचशी नवीन कातडी येऊन भरते. म्हणून तिथून थेट सावंत काकांच्या अंगठ्यावर उडी मारता येत नाही.

शिंदे सिस्टर (३०२): सालीची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगते. आपल्या परळच्या वाडिया हॉस्पिटलात १९८० च्या दशकात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याची सालं लावून पाहिली. १९८५ मध्ये त्यावर पेपरही आला. पुढे सायनच्या हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरलं, तो पेपर २००३ चा. पानाचं ड्रेसिंग करायला सोपं आणि स्वस्त. मी बर्न्स वॉर्डात होते तेव्हा रोज पाहायचे. जखमेला चिकटलेलं गॉज ओढलं की पेशंट किंचाळतो. पान अलगद सुटतं.

प्रभू काकू: बघा! म्हणजे सालीत गुण आहेच.

शिंदे सिस्टर: गुण आहे, पण जंतू मारायचा नव्हे. बटाट्याची साल जखम झाकते, सुकू देत नाही. ओलसर जखमेवर कातडी लवकर येते, हे विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं होतं. तुमची पूड नेमकं उलटं करते. पाणी शोषून घेते, वर खपली धरते आणि खाली काय चाललंय ते झाकून टाकते. आणि वॉर्डातलं पान निर्जंतुक करून यायचं, बाजारातून थेट नाही.

अमित: आंब्याची साल चालेल का? सीझन येतोय.

नेहा: बिलकूल नाही. आंब्याच्या चिकाने ओठांभोवती फोड येतात ना, तोच चीक सालीत असतो. आणि लिंबाची साल चोळून उन्हात गेलास तर कातडी भाजल्यासारखी काळी पडते.

शिंदे सिस्टर: घरी साधं कापलं तर नळाखाली साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबा, पट्टी बांधा. चाकू गंजका असेल किंवा रस्त्यावर पडून लागलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. त्याचे बीजाणू मातीत असतात, ते सालीला भीक घालत नाहीत.

सावंत काका (रात्री ९ वा.): जाऊन आलो. डॉक्टरांनी पूड काढायला पाऊण तास घेतला. खाली पू होता. गोळ्या दिल्यात, रोज ड्रेसिंग. बायको म्हणते प्रभू वहिनींना सांगा.

प्रभू काकू: अहो भाऊजी, मी फक्त फॉरवर्ड केलं हो. आता डब्यात अर्धा किलो सालं आहेत, त्यांचं काय करू?

शिंदे सिस्टर: रंग करा. पाण्यात उकळून तुरटी घातली की सुती कापडावर छान पिवळा येतो.

प्रभू काकू: हे बरं आहे. तुरटी आहे का कुणाकडे?

सेक्रेटरी: काकू, उद्या ११ ते ४ सोडून करा.