मार्चअखेर रतनगड ते हरिश्चंद्रगड: पाणी आणि वेळेचं गणित कसं बसवायचं?

केवडा_ठाणे

गुढीपाडव्याच्या मागेपुढे शनिवार-रविवार धरून रतनवाडी – रतनगड – कात्राबाई खिंड – कुमशेत – पाचनई – हरिश्चंद्रगड असा बेत चाललाय. आम्ही ८ मित्रमैत्रिणी. सहा जणांना पावसाळी आणि हिवाळी ट्रेकची सवय आहे, दोघं पाठीवर सॅक घेऊन पहिल्यांदाच चालणार आहेत.

सध्याचा आराखडा: शनिवारी सकाळी ९ वाजता रतनवाडी सोडायची, रतनगडावरच्या गुहेत मुक्काम. रविवारी पहाटे निघून संध्याकाळपर्यंत हरिश्चंद्रगड, आणि रात्रीच पाचनईला उतरून परत. तंबू दोन, गॅस शेगडी एक. पाणी माणशी २ लिटर, बाकी वाटेत भरून घेऊ असं ठरलंय.

हे जमण्यासारखं आहे का? पळस-पांगारा फुललेला बघायचाय म्हणून हाच महिना हवा आहे, डिसेंबरला ढकला असं कृपया सांगू नका.

---

घाटवाट

महिना चुकीचा नाही, आराखडा चुकीचा आहे. डिसेंबरात ही वाट पायांच्या जोरावर निघते. मार्चअखेर सावली कुठे आहे आणि पाणी कुठे आहे एवढंच बघून वेळा ठरवायच्या. अंतराचा नंबर त्यानंतर.

वाटेचे ढोबळ तुकडे असे. रतनवाडी ते रतनगड, सुरुवातीला प्रवरेच्या कोरड्या पात्राच्या आजूबाजूनं आणि मग रानातून. कात्राबाईच्या खिंडीपर्यंतचं रान दाट आहे, तिथे भर दुपारीही चालता येतं. कुमशेत ते पेठेची वाडी ते पाचनई हा पट्टा मात्र उघडा: माळ, शेतं, कोरडे ओढे आणि गाडीरस्ता. तुमच्या आराखड्यात हा पट्टा बरोबर रविवारी दुपारी १२ ते ४ मध्ये येतो. नवखे दोघं तिथेच बसणार.

त्यामुळे एक दिवस वाढवा आणि तीन दिवसांत करा:

पहिला दिवस. शुक्रवारी रात्रीच रतनवाडीत या, अमृतेश्वराच्या देवळाजवळ गावात राहण्याजेवणाची सोय होते. शनिवारी झुंजुमुंजू होताच, म्हणजे सहाच्या आत निघायचं. रानात एका ठिकाणी वाट फुटते: उजवीकडची रतनगडाच्या शिड्यांकडे, सरळ जाणारी कात्राबाईकडे. मोठ्या सॅक तिथे सोडून जायचा मोह होईल, पण निदान एक जण सॅकपाशी थांबवा, नाहीतर सगळं घेऊन चढा. शिड्या साडेआठच्या आत गाठायच्या. शनिवार-रविवारी नंतर तिथे गर्दी तुंबते आणि उन्हात लोखंडी गज हाताला चटके देतात. गड आणि नेढं (माथ्यावरच्या कातळातलं आरपार भोक) बघून साडेअकरापर्यंत पुन्हा फाट्यावर. तिथे सावलीत तासभर जेवण आणि आडवं होणं. मग कात्राबाई खिंड चढून, अंधार पडायच्या आत कुमशेत. मुक्काम गावात. नेढ्यात दहाच मिनिटं थांबलात तर अर्धा तास वाचतो, पण तिथला वारा सोडून कुणी उठत नाही, तेही धरून ठेवा.

दुसरा दिवस. पहाटे साडेपाचला विजेरीवर कुमशेत सोडा. नवखे धरून पाचनईला साडेनऊ-दहा होतील. दिवसभर गावात पडवीत पडून राहा, हे आळशीपणाचं वाटलं तरी. दुपारी चारला गड चढायला घ्या. पाचनईची वाट पुढे कातळकड्याच्या पोटातून जाते, वर कातळाचं छत येतं, शिवाय हरिश्चंद्रगडाची ही सगळ्यात सोपी वाट. अडीच तास पुरतात. त्या संध्याकाळी कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्यावर, सूर्यास्त गाठायची घाई करू नका.

तिसरा दिवस. कोकणकडा पहाटे बघा, साडेसातला टोलार खिंडीकडे निघा, ऊन तापायच्या आत खिरेश्वर.

---

रानमेवा

वरच्या नियोजनात भर फक्त पाण्याची.

माणशी २ लिटर हा हिवाळ्यातला हिशेब झाला. या दिवसांत चालताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. सकाळी निघताना माणशी ४ लिटर भरलेलं हवं, त्यातलं अर्धा लिटर निघण्याआधीच पोटात. "वाटेत भरून घेऊ" हे वाक्य मार्चमध्ये खोडून टाका. कात्राबाईच्या रानातले ओढे तोवर बहुतेक आटलेले असतात. एखाद्या डोहात पाणी दिसलं तरी त्यावर हिशेब बांधायचा नाही. रतनगडावर बरीच टाकी आहेत, पण कुठल्या टाक्यातलं पाणी त्या आठवड्यात पिण्याजोगं आहे ते रतनवाडीतच विचारा. हरिश्चंद्रगडावर देवळाच्या आसपास कातळात खोदलेल्या टाक्यांतलं पाणी घेतात. पुष्करणीचं आणि केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी पिण्यासाठी नको, तिथे लोक उतरतात.

४ लिटर म्हणजे ४ किलो. मग सॅकचं एकूण वजन ९-१० किलोच्या वर जाऊ न देण्यासाठी काहीतरी काढावं लागेल. तंबू काढा. पहिला मुक्काम गावात आहे, दुसऱ्याला गडावर गुहा आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी गावकऱ्यांचे तंबूही भाड्यानं मिळतात. माणशी एक शाल किंवा पातळ स्लीपिंग बॅग न्या, कारण दिवस तापला तरी माथ्यावर रात्री वारा असतो.

टाक्याचं पाणी असं वापरायचं: सुती कापडाची चौपदरी घडी घालून गाळा, गढूळ असेल तर अर्धा तास ठेवून वरचं निवळ घ्या, मग क्लोरीनची गोळी. हा क्रम उलटला तर गोळी वाया जाते, कारण क्लोरीन आधी गाळावरच खर्च होतं आणि जंतूंसाठी उरत नाही. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. कुठली किती लिटरला ते पाकिटावर बघा. गोळी टाकल्यावर अर्धा तास बाटलीला तोंड लावायचं नाही, आणि झाकण सैल करून बाटली उलटी करा, म्हणजे आट्यांमध्ये अडकलेलं पाणीही शुद्ध होईल. हे शेवटचं जवळजवळ कुणीच करत नाही.

नुसतं पाणी ढोसत राहिलं तरी त्रास होतो. घामातून मीठ जातं, ते भरून निघालं नाही की डोकं जड होतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएसचं पाकीट १ लिटरचं असेल तर पूर्ण १ लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरमध्ये "कडक" केलं की तहान वाढते आणि पोट बिघडतं. पाकीट नसेल तर १ लिटरला सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लिंबू पिळलं तर बरं लागतं. एनर्जी ड्रिंकचे डबे घरी ठेवा.

जेवणाला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दहीभात आणि उकडलेली अंडी या उन्हात दुपारपर्यंत टिकत नाहीत.

---

कातळटोपी

@घाटवाट, बाकी सगळं मान्य, पण सॅक फाट्यावर सोडायचा पर्याय मी तरी देणार नाही. खाली थांबलेला माणूस पाणी घेऊन बसतो आणि वरचे सात जण अर्ध्या लिटरवर गड फिरतात, असंच होतं. सोडायचंच असेल तर वर जाणाऱ्या प्रत्येकाकडे निदान दीड लिटर आणि टोपी आहे का ते बघूनच.

आता या महिन्याच्या तीन खास भानगडी, पाणी सोडून.

घसारा. पावसाळ्यात चिखल बूट धरून ठेवतो. मार्चमध्ये माती सुटून खाली भुसभुशीत मुरूम उरतो, त्यावर वाळलेल्या गवताच्या काड्या, आणि बूट सरळ घसरतो. कात्राबाई खिंडीतून कुमशेतकडे उतरताना आणि रतनगडाच्या शिड्यांखाली हे जाणवेल. पाय सरळ खाली न टाकता आडवा टाका, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढे. घाबरून मागे रेललं की टाच सुटते आणि माणूस बसूनच घसरतो. दोघांत ४-५ मीटर अंतर ठेवा आणि एकाच्या बरोबर खाली दुसरा उभा राहू नका. दगड सुटला तर "दगड!" एवढंच ओरडायचं. बुटाच्या तळाचे खाचखळगे झिजून सपाट झाले असतील तर ते बूट बाद. कोरे बूटही नकोत, निदान दोन आठवडे रोज घालून फिरलेले हवेत. रानात पानांचा खच पडलेला असतो, त्याखाली दगड दिसत नाही आणि फुरसं हा विषारी सापही दिसत नाही. पाय टाकायच्या आधी काठी टाका. बसण्याआधी दगडावर आणि दगडाखाली नजर.

आग्या मोहोळ. फुलोऱ्याच्या दिवसांत कडेकपारी आणि उंच झाडांवर पोळी असतात. अत्तर, डिओ, सुवासिक तेल घरी. धूर नाही, सिगारेटचाही नाही. नेढ्यात किंवा कड्याखाली आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी ऐकायचा उद्योग नाही. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. ओढणी-पंचानं डोकं आणि चेहरा झाका आणि वाट सुरक्षित असेल तर झुडपांतून लांब निघून जा. शिडीवर किंवा कड्याच्या कडेला असाल तर पळू नका, अंग झाकून जागीच धरून बसा. दरीत पडण्यानं जास्त माणसं जायबंदी होतात. काटा लवकरात लवकर खरवडून काढा, नखानं चालेल, कारण तो त्वचेत राहील तोवर विष सोडत असतो. ओठ-घसा सुजला, श्वासाला त्रास झाला किंवा खूप डंख असतील तर ट्रेक तिथेच संपवून दवाखाना.

वणवा. गवत कापरासारखं पेटतं. हे कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, शेकोटीचा प्रश्नच येत नाही. शेगडी न्यायचीच असेल तर आधी रतनवाडीच्या वन नाक्यावर विचारा. गवतात किंवा पाचोळ्यावर ती लावायची नाही. खरं तर कुमशेत आणि पाचनईत पिठलं-भाकरी मिळत असताना ती न्यायचीच कशाला? वणवा दिसला तर चढाकडे पळू नका, आग चढावर जास्त वेगानं धावते. आडवं सरका, आणि जळून गेलेला किंवा उघड्या कातळाचा पट्टा गाठा.

फुलांचं म्हणाल तर पळसाचा भर मार्चच्या मध्यापर्यंत असतो, पाडव्याला काही झाडं झडायला लागलेली असतील. कोशिंबाची लाल पालवी बघून लांबून पळसच वाटेल. उक्षी आणि कुंभा कात्राबाईच्या आधी शोधा.

---

केवडा_ठाणे

तीन दिवसांचं पक्कं केलं, सोमवारची रजा टाकली. तंबू आणि शेगडी दोन्ही रद्द. दोन प्रश्न उरले. नवख्यांपैकी कुणाला ऊन लागलंच तर थांबून बरं होईल की खाली न्यायचं, हे कशावरून ठरवायचं? आणि खिरेश्वरहून ठाण्याला परतीची सोय काय?

---

रानमेवा

घाम येतोय, चक्कर आहे, चेहरा पांढरट, पण नीट बोलतोय: सावलीत आडवं करा, पाय सॅकवर, बूट-पट्टे सैल, ओआरएस घोटाघोटानं. तासाभरात उभा राहून चालू शकला तर उतरणीच्या बाजूनं चालवा, चढ नको आणि त्याची सॅक दुसऱ्यांनी वाटून घ्या.

बरळतोय, साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतोय, तोल जातोय, अंग तापलंय: हा उष्माघात. घाम येत असला तरी उष्माघातच समजा. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. कपडे कमी करा, असेल ते पाणी अंगावर ओता, मान-काखा-जांघांत ओली फडकी, आणि टोप्यांनी वारा घाला. गार करणं आणि ११२ किंवा १०८ ला फोन एकाच वेळी. रानात रेंजचा भरवसा नाही, म्हणून दोघांनी गावाकडे निघायचं, एकट्यानं नाही. कुमशेत आणि पाचनईला गाडी येते. गाडीवाल्याचा नंबर रतनवाडीतच घेऊन ठेवा, जवळचा दवाखाना कुठला तेही तिथेच विचारा.

---

घाटवाट

परतीचं: गडावरून टोलार खिंडीकडे येताना मधल्या चढउतारांत वाटा फुटतात, बाण आणि मळलेली वाट सोडू नका. खिंडीच्या वर कातळाचा टप्पा आहे, रेलिंग आहेत, नवख्यांना एकेक करून तोंड कातळाकडे ठेवून उतरवा. खिंडीत डावीउजवीचा घोळ होतो: डावीकडची वाट कोथळ्याकडे जाते, तुम्हाला उजवीकडे खिरेश्वर. खिरेश्वर ते खुबी फाटा साधारण ५ किमी, धरणाच्या कडेनं, सावली नाही. अकरानंतर ते चालत जाऊ नका, गावातून जीप ठरवा. फाटा माळशेजच्या रस्त्यावर आहे, तिथून कल्याणकडे जाणाऱ्या एसट्या मिळतात. हात दाखवावा लागतो आणि सोमवारीही गाडी भरलेली असू शकते, तेव्हा ८ जणांनी एकाच गाडीत घुसायचा हट्ट धरू नका.