गोळ्यात २४ आकडा असलेलं जर्मन नाणं कुठलं?

प्रश्न: चांदीचं छोटं पातळ नाणं मिळालंय, क्रॉसवाल्या गोळ्यात २४ आणि कडेला फक्त २१ दिसतंय, राजाचं नाव पुसलंय. काय असेल?

उत्तर १: ग्रोशन वाटतंय, म्हणजे टालर या मोठ्या चांदीच्या नाण्याचा २४वा भाग. २१ म्हणजे बहुतेक १६२१, साल असं तोडून छापायचे.

उत्तर २: १६२१ असेल तर भारीच! युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाची (१६१८-४८) सुरुवात, तेव्हा कित्येक संस्थानिकांनी चांदीत भरमसाट तांबं घालून नाणी पाडली नि शेजारच्या राज्यात खपवली, महागाई इतकी वाढली की १६२३च्या सुमारास परत चांदीच्या जुन्या प्रमाणावर यावं लागलं. त्यामुळे लालसर दिसलं तरी नकली समजू नका आणि प्लीज घासू नका, वरचा चांदीचा थर जाईल.

उत्तर ३: मागच्या बाजूच्या ढालीच्या चिन्हाचा फोटो टाका ना. आडवे पट्टे आणि त्यावरून तिरकी पानांची पट्टी असेल तर सॅक्सनी या जर्मन राज्याचं.