कर्ज बँकेचं बुडालं, सांगाडा आमच्या गल्लीत का?

मेहरूणकर
आमच्या कॉलनीत एका अपार्टमेंटचा सांगाडा आठ वर्षांपासून उभा आहे. बिल्डरचं कर्जखातं एनपीए म्हणजे थकीत, बँकेच्या ताब्याचा बोर्ड, दोनदा लिलाव, घेणारा कोणी नाही. पावसाळ्यात तळघरात डास, एरवी पत्त्यांचा डाव. घरपट्टीचं म्हणाल तर २०२० च्या जानेवारीत सरफेसी कायद्याचं (बँकांना तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम २६-ई लागू झालं. तारणाची नोंदणी असेल तर बँकेचं घेणं केंद्र, राज्य आणि महापालिकेच्या करांच्याही आधी. सरकारनं बँक सावरली आणि पावती गावाच्या नावानं फाडली. असे सांगाडे सरकारनंच घेऊन पुरे करावेत.

तापीकाठ
जळगावात बसून हे म्हणताय, भाऊ? पालिकेची घरकुल योजना विसरलात? हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचं कर्ज काढून पालिकाच बिल्डर झाली होती. बहुतेक घरं अर्धवट राहिली, कर्ज तुंबलं, कर्जवसुली न्यायाधिकरणाचे हेलपाटे झाले. २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयानं घरकुल घोटाळ्यात ४८ जणांना दोषी धरलं. पण हप्ते कोणी भरले? रस्त्यांच्या खड्ड्यांतून आपणच ना!

निवृत्त शाखाधिकारी
२६-ई वर थोडं. या प्रश्नावर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा जो निकाल आला, त्यातली एक बँक आपली जळगाव जनता सहकारी. तिकडे वाद विक्रीकराच्या थकबाकीचा होता. सहकारी बँकेत पैसा कोणाचा असतो? केळीवाल्याचा, पेन्शनरचा. पतसंस्था बुडाल्या तेव्हा ठेवीदार कसे वणवण फिरले ते मी खिडकीच्या आतून पाहिलंय. बँकेला शेवटी उभं केलंत तर पुढचं गृहकर्ज कोण देईल?

मेहरूणकर
ठेवीदाराचं कबूल. पण बँकेला लिलावातून पैसे हवेत, आम्हाला तिथे माणसं राहायला हवीत. या दोन गोष्टी एक नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रानं रखडलेल्या घरांसाठी स्वामीह निधी काढला. २०२५ च्या अर्थसंकल्पात ५० हजार घरं पूर्ण झाल्याचं सांगून दुसऱ्या टप्प्याला १५ हजार कोटी जाहीर केले. म्हणजे जमतं.

गिरणामाय
जमतं, पण कुठे? बुडीत कर्ज विकत घेणारी राष्ट्रीय कंपनी, एनएआरसीएल, २०२१ ची. १५ टक्के रोख, ८५ टक्के सिक्युरिटी रिसीट (वसुली होईल तसे पैसे देणारी पावती), त्यावर ३०,६०० कोटींपर्यंत सरकारी हमी. तिचं लक्ष ५०० कोटींच्या वरच्या खात्यांवर. चाळीसगावचा तीन मजल्यांवाला बिल्डर तिच्या दुर्बिणीतही दिसणार नाही!
आयर्लंडनं २००९ मध्ये बँकांची बुडीत कर्जं घ्यायला नामा ही सरकारी संस्था काढली. ७४ अब्ज युरोची कर्जं जेमतेम ३२ अब्जांना उचलली. तोटा आधी बँकांच्या पदरात टाकला, मग मालमत्ता हळूहळू विकल्या. ओसाड पडलेल्या काही वसाहती तर पाडूनच टाकल्या. आपल्याकडे पाडायचं म्हटलं की लगेच स्टे.

तापीकाठ
पाडण्याला माझा पाठिंबा. निदान डास जातील.

निवृत्त शाखाधिकारी
पाडण्याचा खर्च कोण देणार? लिलावाच्या जाहिरातीत ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ लिहिलेलं असतं. थकलेली घरपट्टी, वीजबिल बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या डोक्यावर. म्हणून तर बोली लागत नाही. पालिकेनं निदान थकलेल्या घरपट्टीवरची शास्ती (दंड) माफ करावी.

मेहरूणकर
हे पटलं. उद्या नगरसेवकाकडे जातो.

गिरणामाय
जपून. तुमच्या त्या सांगाड्यातली सळई त्यांच्याच दुकानातली म्हणतात. उधारी अजून आली नाही.