स्वस्त झालेला चहा समुद्रात का फेकला? दूरच्या साम्राज्यापासून वसाहती का तुटतात – मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

मी नववीच्या मुलांना इतिहास शिकवते. परवा अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू केलं. कर लादले, लोक चिडले, बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवला, असं नेहमीच्या क्रमाने सांगत गेले. एका मुलीने हात वर केला. "मॅडम, त्या कायद्याने चहा स्वस्त झाला होता ना? मग स्वस्त चहा कुणी पाण्यात का टाकेल?" पुढच्या तासाला सांगते म्हणाले, आणि तेव्हापासून वाचत बसले आहे.

मुलीचं बरोबर आहे. १७७३च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला मधले व्यापारी टाळून अमेरिकेत थेट चहा पाठवायची मुभा दिली. एक पौंड वजनामागे ३ पेन्सचा जुना कर धरूनही चहा आधीपेक्षा स्वस्त पडणार होता. तरी १६ डिसेंबर १७७३च्या रात्री ३४२ पेट्या फोडून समुद्रात ओतल्या. चोरटा डच चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांचं त्यात नुकसान होतं हे खरं, पण काही व्यापाऱ्यांचा धंदा बुडतोय म्हणून तेरा वसाहती आठ वर्षं लढत नाहीत.

'करांचं ओझं' हे उत्तरही टिकत नाही. इंग्लंडमधला माणूस वसाहतीतल्या माणसाच्या कितीतरी पट कर भरत होता. आणि हे लोक तर स्वतःला इंग्रजच म्हणवणारे. १७६३ला फ्रान्सविरुद्धचं युद्ध संपलं तेव्हा आपणही जिंकलो असंच त्यांना वाटत होतं. पुढच्या तेरा वर्षांत ते वेगळे झाले.

वाचून मला जे वाटतंय ते असं. जुलूम सर्वांत जास्त असतो तेव्हा वसाहती तुटत नाहीत. अंतरामुळे जे आपसूक हातात आलेलं असतं, ते साम्राज्य परत घ्यायला निघतं तेव्हा तुटतात. व्हर्जिनियाची प्रतिनिधीसभा १६१९ची. दीडशे वर्षं ही माणसं आपले कर आपण ठरवत होती. लंडनचे व्यापारी कायदे कागदावर कडक होते, पण समुद्रापार ते फारसे राबवले जात नव्हते. युद्धात इंग्लंडचं कर्ज जवळपास दुप्पट झालं, अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक ठेवायचे ठरले आणि त्या खर्चापायी लंडनने तिकडे नीट लक्ष घातलं. १७६५चा मुद्रांक कर वर्तमानपत्रांवर, कोर्टाच्या कागदांवर, अगदी पत्त्यांच्या कॅटवरही होता. रक्कम मोठी नव्हती, पण त्यांच्या सभेला कुणी विचारलं नव्हतं.

हे बरोबर आहे का? की मी एकाच देशावरून नियम काढतेय? शिवाय कॅरिबियनमधलं जमैका बेट आणि कॅनडा त्याच साम्राज्यात होते, ते का फुटले नाहीत? जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद १

ताई, दिशा बरोबर आहे. आता त्या ३ पेन्सचं काय होणार होतं ते बघा, मुलीचं उत्तर तिथेच आहे.

बहुतेक वसाहतींत गव्हर्नर लंडनहून नेमला जायचा, पण त्याचा पगार तिथली सभा मंजूर करायची. गव्हर्नर फारच आडमुठेपणा करायला लागला की सभा पगार अडवून धरायची. बंदुका नाहीत, फौज नाही, एवढीच एक दोरी त्यांच्या हातात होती. चहासकट काही मालावर कर लावणाऱ्या १७६७च्या टाउनशेंड कायद्यात स्पष्ट होतं की या करांच्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार परस्पर देता येतील. बाकीचे बहुतेक कर १७७०ला मागे घेतले, चहावरचा मुद्दाम ठेवला. म्हणजे स्वस्त चहा जितका जास्त खपेल, तितकी ती दोरी हातातून सुटत जाणार. चहा स्वस्त होता हीच त्यांना भीती होती, कारण लोक तो घेतील.

प्रतिसाद २

नियम एकाच देशाचा नाही. ब्राझील बघा, तिथे तर फारसं युद्धही झालं नाही.

१८०७च्या अखेरीस नेपोलियनचं सैन्य लिस्बनच्या दारात आलं आणि पोर्तुगालचा अख्खा दरबार जहाजांत बसून निघाला. १८०८ला रिओला पोचला. पुढची १३ वर्षं साम्राज्याचा कारभार रिओतून चालला. ब्राझीलची बंदरं इतर देशांना खुली झाली, १८१५ला पोर्तुगालच्या बरोबरीच्या राज्याचा दर्जा मिळाला. १८२१ला राजा परत गेला. मग लिस्बनच्या संसदेने हुकूम काढले: रिओतल्या मोठ्या कचेऱ्या आणि न्यायालयं बंद करा, मागे राहिलेल्या युवराज पेद्रोनेही युरोपात परत यावं. ७ सप्टेंबर १८२२ला पेद्रोनेच स्वातंत्र्य पुकारलं. एकदा मिळालेलं काढून घ्यायला निघाले, हे तुमचंच सूत्र.

स्पॅनिश अमेरिकेत मात्र थोडं वेगळं घडलं. १८०८ला नेपोलियनने स्पेनचा राजाच कैदेत टाकला. १८१०ला काराकास आणि ब्युनोस आयर्सला ज्या सभा बसल्या, त्या कैदेतल्या राजाच्याच नावाने. कारभार हाती आला तो असा. १८१४ला राजा सुटून आला, त्याने राज्यघटना रद्द केली आणि १८१५ला समुद्रापार फौज धाडली. अजूनही तडजोड होईल अशी आशा ज्यांना होती, त्यांची वाट त्याने स्वतःच बंद केली.

प्रतिसाद ३

मला एक गोष्ट खटकते. 'वसाहत तुटली' म्हणताना वसाहत म्हणजे नेमकं कोण?

जमैकाच्या सभेने डिसेंबर १७७४मध्ये अमेरिकनांची बाजू घेऊन राजाला अर्ज केला होता. म्हणजे तक्रार तीच होती. पण तिथे दहातली नऊ माणसं गुलाम होती आणि गुलामांचा १७६०चा मोठा उठाव मळेवाल्यांच्या डोळ्यांपुढे होता. ब्रिटिश आरमार गेलं तर आपलं काय, हा विचार त्यांना गप्प बसवायला पुरेसा होता. साखरेला इंग्लंडची राखीव बाजारपेठ होती, ती वेगळी. कॅनडात क्वेबेकमधल्या कॅथलिकांना १७७४च्या कायद्याने धर्म आणि जुना दिवाणी कायदा राखून दिला होता. उलट तेरा वसाहतींच्या उशाशी बसलेला फ्रेंच शत्रू १७६३ला गेला, त्यांना संरक्षणाची गरज कमी झाली. नुसत्या तक्रारीने भागत नाही, साम्राज्यावाचून आपलं चालेल असं वाटावं लागतं.

आणि कॅरिबियनमधली फ्रेंच वसाहत हैती विसरू नका. तिथे १७९१ला गुलाम उठले, त्यांच्याकडे गमवायला कुठलीही सभा नव्हती. १७९४ला पॅरिसने गुलामगिरी रद्द केली आणि त्यांचा नेता तूसाँ फ्रान्सच्या बाजूने लढला. १८०२ला नेपोलियनने फौज पाठवली, तूसाँला पकडून फ्रान्सला नेलं, आणि ग्वाडलूप या दुसऱ्या फ्रेंच बेटावर गुलामगिरी परत आणल्याची बातमी येऊन पोचली. १ जानेवारी १८०४ला हैती स्वतंत्र झाला. परत काय घेतलं जाणार होतं ते बघा. त्याच्यापुढे ३ पेन्स काहीच नाहीत.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. हैतीचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी फक्त मळेवाले आणि व्यापारी यांच्याच नजरेने बघत होते, हे आता लक्षात येतंय. हैती वर्गात घेणारच, पुस्तकात असो वा नसो.

एक शंका उरते. लंडनच्या संसदेत त्यांना दोन-चार जागा दिल्या असत्या तर?

प्रतिसाद १

त्यांनाच त्या नको होत्या. १७६५ला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, त्यांच्या ठरावातच आहे की आमची परिस्थिती पाहता लंडनच्या संसदेत आमचं प्रतिनिधित्व होऊच शकत नाही. अंतर किती आड येतं ते पुढे दिसलंच. ८ जुलै १७७५ला फिलाडेल्फियात जमलेल्या काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजाला समेटाचा अर्ज लिहिला. तो जहाजावर असताना बॉस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईची बातमी लंडनला पोचलेली होती. २३ ऑगस्टला राजाने वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं. अर्ज स्वीकारलाच नाही हे फिलाडेल्फियाला कळायला नोव्हेंबर उजाडला. तोवर दोन्हीकडची माणसं मरत होती.

धागाकर्ती

उद्या तास आहे. सुरुवात गव्हर्नरच्या पगारापासून करते, आणि फळ्यावर या तारखा एकाखाली एक लिहिते.