डब्ल्यूएपी-७ या विजेच्या प्रवासी इंजिनाला २२ डबे ओढायला टॉर्क (चाक फिरवणारा जोर) किती? माझं उत्तर अवाच्या सवा येतंय

चाकोरी:
इंजिन १२३ टन. मागे एलएचबीचे (नव्या धर्तीचे, स्टेनलेस स्टीलचे) २२ डबे, प्रवाशांसकट सरासरी ५० टन धरले. एकूण १२२३ टन. पोलादावर पोलाद म्हणून घर्षणांक ०.३ घेतला. १२२३ × ९.८१ × ०.३ म्हणजे जवळपास ३६०० किलोन्यूटन. नव्या चाकाचा व्यास १०९२ मिमी, त्रिज्या ०.५४६ मीटर, म्हणून टॉर्क १९६५ किलोन्यूटन-मीटर. पण या इंजिनाचा कमाल ट्रॅक्टिव्ह एफर्ट (ओढ) ३२२.६ किलोन्यूटनच आहे. गाडी तर रोज धावते, मग चूक कुठे? घाटात बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) का लागतो तेही याच गणितातून दाखवायचंय.

लोकोशेड:
०.३ भलत्याच जागी बसलाय. तो चाक रुळावर घसरण्याचा आकडा. डब्यांची चाकं घसरत नाहीत, फिरतात. सगळ्या डब्यांचे ब्रेक आवळून गाडी फरफटत न्यायची असेल तर तुमचे ३६०० लागतील! ०.३ लावायचा तो फक्त इंजिनाच्या वजनाला, आणि तोही वरची मर्यादा म्हणून: १२३ × ९.८१ × ०.३ = ३६२ किलोन्यूटन. याहून जास्त जोर लावला तर चाकं जागच्या जागी गरगरतील.

लागणारं बळ असं काढा. रोलर बेअरिंगच्या गाडीला जागचं हलायला टनामागे ५ किलो, म्हणजे सुमारे ५० न्यूटन धरा: ६१ किलोन्यूटन. १:१५० चा चढ असेल तर टनामागे ९८१० ÷ १५० = ६५ न्यूटन: ८० किलोन्यूटन. ०.०५ मी/से² वेग वाढवायला ६१, त्यात फिरत्या चाकांसाठी ८ टक्के घातले की ६६. बेरीज २०७ किलोन्यूटन.

सहा आसांत वाटा: प्रत्येकी ३४.५. गुणिले ०.५४६ = चाकावर १८.८ किलोन्यूटन-मीटर. गिअर ७२:२०, म्हणजे ३.६, गिअरची कार्यक्षमता ०.९७ धरली तर मोटरच्या शाफ्टवर १८.८ ÷ (३.६ × ०.९७) = ५.४ किलोन्यूटन-मीटर. त्रिज्येच्या जागी व्यास घालणं आणि सहाने भागायला विसरणं, या दोन चुका नेहमीच्या. चाक नवंच धरा. झिजून १०१६ मिमी झालं की त्याच टॉर्कला ओढ ७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे मोटरला नवं चाकच जड.

गिअरवाला:
पडताळा घ्यायचा तर मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ बघा. मोटर तीच, मूळ गिअर ७७:१५, ओढ ४५८ किलोन्यूटन. उलट गणित केलंत तर दोन्ही इंजिनांत मोटरचा कमाल टॉर्क ८.४ किलोन्यूटन-मीटरच्या आसपासच येतो. फरक सगळा दात्यांचा. ओढ वाढली, वेग गेला.

आणि ३२२.६ ही ओढ शेवटपर्यंत टिकत नाही. ६३५० हॉर्सपॉवर म्हणजे ढोबळमानाने ४७०० किलोवॅट, भागिले ३२२.६ केलं की १४.६ मी/से, म्हणजे ताशी ५२ किमी. त्यापुढे शक्ती आडवी येते. ताशी १३० ला हिशेबाने १३० किलोन्यूटनच उरतात.

चाकोरी:
म्हणजे टॉर्कचा प्रश्न गाडी जागची हलतानाच. आणि घाट?

लोकोशेड:
कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी, दोन्हीकडे १:३७. टनामागे २६५ न्यूटन, गुणिले १२२३: नुसत्या चढाचेच ३२४ किलोन्यूटन. कमाल ओढ इथेच संपली, गाडी अजून हललेलीही नाही. सुटण्याचे ६१ आणि अगदी सावकाश ०.०२ मी/से² चे २६ मिळवा: ४११. वळणाचे वेगळे, दर अंशाला टनामागे ०.४ किलो.

मोटर मोठी बसवून हे सुटत नाही. ४११ ÷ १२०७ (इंजिनाचं वजन, किलोन्यूटनमध्ये) = ०.३४, आणि पावसात ओल्या रुळावर वाळू सोडूनही इतकी पकड मिळेलच असं नाही. शिवाय जोर लावताना पुढच्या आसावरचं वजन हलकं होतं, म्हणून आधी तोच घसरतो.

बँकर १२३ टनांचा धरलात तर त्याचं स्वतःचं ओझंही धरा, बरेच जण हे विसरतात. चढाचे ३३ आणि बाकीचे ९ मिळून एकूण ४५३. पकड मात्र दोन इंजिनांची, २४१३ किलोन्यूटन वजनावर: ०.१९. दुसरा बँकर लावला की ०.१४ च्या खाली. बँकर मागून ढकलतो, त्यामुळे पुढच्या कपलिंगवरचा ताणही तेवढा उतरतो. आणि चढावर कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे त्याच्याच अंगावर अडतात.