मदत हवी आहे: गावातील शाळेचा पट 11, मुलीसाठी अमरावतीत खोली करावी का?

वावरवाला
नमस्कार. मुलीला यंदा पहिलीत टाकायचे आहे. आमच्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीचा पट 11 वर आला असून त्यातील तीन मुले यंदा चौथी आटोपून बाहेर पडतील. अमरावतीला साईनगर भागात एक खोली पाहून ठेवली आहे आणि घरमालकाला या आठवड्यातच होकार किंवा नकार कळवायचा आहे. त्यामुळे लांबण न लावता सांगावे: गावातच शिकवावे, तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या ऑटोत बसवावे, की खोली करावी? अमरावतीत शाळा कोणती चांगली, हेही सांगावे. लहान मुलाचाही प्रश्न आहेच.

कठोरा रोडची आई
भाऊ, फार विचार करू नका, खोली घ्या. आम्ही धामणगाव तालुक्यातून आलो तेव्हा घरच्यांनी नावे ठेवली, आता तेच लोक आपापल्या नातवंडांसाठी आमच्याकडे खोलीची चौकशी करतात. आमच्या गावच्या शाळेत एकच सर चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसायचे. पहिलीच्या मुलांना फळ्यावरचे उतरवायला सांगायचे, तिकडे चौथीचे गणित चालायचे, आणि केंद्राची बैठक असली की मुले खिचडी खाऊन घरी. शहरात निदान वर्गाला एक शिक्षक मिळतो.

निवृत्त केंद्रप्रमुख
वावरवाला, आपण जे लिहिले आहे त्यावरून प्रामाणिक उत्तर देणे शक्य नाही. मुलीची जन्मतारीख काय? सध्या ती अंगणवाडीत बसते की घरीच असते? शाळेत मंजूर शिक्षक किती आणि प्रत्यक्षात हजर किती? तालुक्याची शाळा किती किलोमीटरवर आहे? खोलीवर मुलीसोबत कोण राहणार, आणि लहान मुलगा किती लहान?

कठोरा रोडच्या ताईंनाही एक सांगतो. कमी पट म्हणजे एकच शिक्षक, असा नियम नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या मानकाप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट 60 पर्यंत असला तरी दोन शिक्षक द्यावे लागतात. दुसरे पद रिक्त ठेवले जाते किंवा तो शिक्षक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे पाठवला जातो, तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करायचा असतो. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, पण बैठकीला येतो कोण?

कठोरा रोडची आई
सर, ठरावाची फाईल पंचायत समितीतून फिरून येईपर्यंत मूल चौथी पास होऊन जाते.

मोफत प्रवेश
एवढी चर्चा कशाला? आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत असलेल्या 25 टक्के राखीव जागांवर, अमरावतीच्या इंग्रजी शाळेत अर्ज करा. आपला प्रवर्ग कोणता? इतर मागास असल्यास उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज नाही. माझ्या पुतण्याला असाच प्रवेश मिळाला, फीचा एक रुपया लागला नाही.

सोयाबीन उत्पादक
आरटीई आता फक्त सरकारी शाळांपुरते राहिले आहे, चुकीची माहिती देऊ नये.

मोफत प्रवेश
ती तरतूद फेब्रुवारी 2024 मध्ये आली होती. सरकारी किंवा अनुदानित शाळा 1 किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळेला सूट, असे तिचे स्वरूप होते. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै 2024 मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. आपली माहिती एक हंगाम जुनी आहे.

निवृत्त केंद्रप्रमुख
दोघांचेही थोडे बाजूला ठेवू. 2025-26 साठीच्या अर्जांची मुदत फेब्रुवारीतच संपली, आज एप्रिल 2025 चालू आहे. शिवाय आरटीईत निवासापासूनचे अंतर पाहिले जाते. भाड्याची खोली पत्ता म्हणून दाखवायची असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि अमरावतीतील किती घरमालक नोंदणीला तयार होतात, हे ताईच सांगू शकतील.

कठोरा रोडची आई
आमचे घरमालक तर भाड्याची पावतीसुद्धा देत नाहीत.

वावरवाला
मी शाळेबद्दल विचारले आणि सगळे माझीच उलटतपासणी घेत आहेत. तरीही लिहितो. मुलगी फेब्रुवारी 2020 ची आहे, गावातल्या अंगणवाडीत जाते. तालुका नांदगाव खंडेश्वर, गावापासून 9 किलोमीटर. शाळेत दोन शिक्षिका आहेत आणि दोघीही नियमित येतात. खोलीवर पत्नी राहील, मुलगा दोन वर्षांचा आहे, तो तिच्यासोबतच. मी वावर पाहीन आणि आठवड्याला जाणे-येणे करीन. आता तरी सांगावे.

निवृत्त केंद्रप्रमुख
आपला निम्मा प्रश्न इथेच सुटला. राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या शैक्षणिक वर्षातील 31 डिसेंबरला मुलाची 6 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आपली मुलगी 31 डिसेंबर 2025 रोजी 5 वर्षे 10 महिन्यांची असेल. म्हणजे येत्या जूनमध्ये ती पहिलीत बसूच शकत नाही, गावातही नाही आणि अमरावतीतही नाही. तिची पहिली जून 2026 मध्ये. एक वर्ष हातात आहे, घरमालकाच्या आठवड्याचे दडपण घेण्याचे कारण नाही.

वावरवाला
पण अमरावतीच्या ज्या शाळेत मी गेलो होतो तिथे "आणून बसवा, आम्ही जमवून घेऊ" असे सांगितले. जन्मतारीख विचारलीदेखील नाही.

गुरुजी, अमरावती
मी शहरातील एका अनुदानित मराठी शाळेत शिकवतो, म्हणून आतली बाजू लिहितो. नाव घेऊन लिहिणे मला परवडणार नाही. आमची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे, 30 सप्टेंबरच्या पटावर, तीही आधार वैध असलेल्या विद्यार्थ्यांवर ठरते. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे परीक्षा आटोपल्या की आम्ही शिक्षक स्वतःच दुचाकीवर गावोगाव फिरतो, दप्तर देतो, ऑटोचे भाडे भरतो आणि पालकांच्या ओसरीवर बसून चहा घेतो. भाऊंच्या दारी असा कोणी येऊन गेला असेल तर त्याच्या मनात मुलीचे भले नसेल असे मी म्हणत नाही, पण त्याला स्वतःची नोकरीही वाचवायची असते. शहरातल्या जुन्या मराठी शाळांचे वर्गही ओस पडत आहेत, कारण शहरातले पालक इंग्रजी माध्यमाकडे गेले आणि त्यांच्या रिकाम्या बाकांवर आम्ही खेड्यातली मुले आणून बसवतो. तेव्हा "शहरातली शाळा" एवढ्यावर जाऊ नका. शाळांची सरकारी माहिती देणाऱ्या यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावाने शोध घेतला की विद्यार्थी, शिक्षक आणि वर्गखोल्या किती, हे दिसते. ते आकडे गावच्या शाळेशेजारी ठेवून पाहा.

सोयाबीन उत्पादक
म्हणजे गावच्या शाळा तुम्हीच रिकाम्या करता आणि वर सल्लाही देता.

गुरुजी, अमरावती
आरोप मान्य आहे. पण माझ्या ऑटोत बसण्याआधीच गावातील खाऊनपिऊन सुखी घरांची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसलेली असतात. मागे कोण उरतात, ते कोणत्याही गावाच्या हजेरीपटावर वाचा. मजुरांची मुले, आणि ज्यांच्या घरी चौकशी करायला कोणाला सवड नाही अशी मुले. मग "तिथे कोणाची मुले जातात" असे कुजबुजले जाते आणि आणखी दोन नावे कमी होतात. जातीचा उल्लेख कोणी करत नाही, पण कुजबुजीचा अर्थ सर्वांना कळतो.

वावरवाला
आमच्या 11 पैकी चार मुले वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांची आहेत, ती दिवाळीनंतर दिसत नाहीत. मला त्यांच्याबद्दल आकस नाही. माझ्या मुलीच्या वर्गात तिच्या बरोबरीचे कोणीच नसेल, ही माझी अडचण आहे. पुढच्या वर्षी पहिलीत येणारी गावात दोनच मुले आहेत.

निवृत्त केंद्रप्रमुख
ही अडचण खरी आहे, तिला मी हलके लेखत नाही. मात्र 11 मुलांमागे दोन नियमित शिक्षिका हे प्रमाण शहरातील कोणत्याही महागड्या शाळेत आपल्याला मिळणार नाही. भट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी मुख्याध्यापकांनी शिक्षण हमी कार्ड दिले असल्यास ती जिथे जातील तिथल्या शाळेत बसू शकतात आणि परतल्यावर इथेच पुढे शिकतात. ते दिले जाते का, हे समितीच्या बैठकीत विचारा.

सोयाबीन उत्पादक
पण शाळाच बंद पडली तर? 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते, राज्यात अशा 14 हजारांहून अधिक शाळा निघाल्या. आज ना उद्या आपली पाळी येणारच.

निवृत्त केंद्रप्रमुख
ती भीती निराधार नाही. तरी प्राथमिक शाळा वस्तीपासून 1 किलोमीटरच्या आत असावी, हा राज्याच्या नियमांतील निकष अजून कायम आहे.

नवोदय पालक
कोणी सांगितले नाही म्हणून लिहितो. नवोदय विद्यालयात सहावीच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि त्या सवलतीसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण केलेली असावी लागते. अमरावतीला गेलात की ही सवलत गेली. माझा मुलगा लागला आहे. शिष्यवृत्तीच्या पुस्तकांपासून तयारी सुरू करावी.

कठोरा रोडची आई
मुलगी अजून अंगणवाडीत आहे आणि यांना नवोदय दिसू लागले.

बसस्थानक
मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, त्याचा लाभ घ्यावा.

अंगणवाडीची ताई
सगळे मोठीबद्दल बोलत आहेत, म्हणून लहान मुलाबद्दल लिहिते. मी याच जिल्ह्यात सेविका आहे. वावरवाला भाऊ, वहिनी सध्या शेतात काम करतात का? करत असतील तर त्या अमरावतीला गेल्यावर वेचणीला मजूर लावावा लागेल, तो खर्च खोलीभाड्यात धरला आहे का? आणि गावातच राहिल्या तर दोन वर्षांचे मूल दिवसभर कोणाकडे?

वावरवाला
पत्नी निंदण आणि वेचणी दोन्ही करते. मुलगा तिच्यासोबत वावरातच असतो. निंबाला लुगड्याची झोळी बांधते, जागा झाला की तो कापसाच्या ढिगावर खेळतो. फवारणीच्या दिवसांत मात्र माझ्या आईकडे ठेवतो, आणि आईच्या गुडघ्यांमुळे तिला त्याच्यामागे धावणे होत नाही. अंगणवाडीत त्याला घेतील का?

अंगणवाडीची ताई
तीन वर्षांखालील मुलांना अंगणवाडीतून घरपोच आहार, वजन आणि लसीकरण मिळते, बसवून सांभाळण्याची सोय नाही. त्याला तीन पूर्ण झाली की तो सकाळी काही तास बसेल आणि गरम जेवणही मिळेल, पण वेचणी तर संध्याकाळपर्यंत चालते. अंगणवाडीला जोडून पूर्ण वेळ पाळणाघर चालवण्याची "पाळणा" योजना केंद्र सरकारने आणली आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. आपल्या बालविकास प्रकल्पात एखादे मंजूर आहे का, ते अंगणवाडी पर्यवेक्षिकेला विचारा.

मोफत प्रवेश
रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असली की त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद आहेच.

अंगणवाडीची ताई
भाऊ स्वतःच्या वावराबद्दल बोलत आहेत, रोजगार हमीबद्दल नाही.

तीच कल्पना गावापुरती वापरता येते, एवढे मात्र खरे. आमच्या गावात वेचणीच्या दिवसांत चार घरे मिळून एका आजीला रोज पैसे देतात आणि त्या समाजमंदिरात मुले पाहतात. सरकारी काही नाही, पण गेल्या हंगामात एकही मूल फवारणीच्या वावरात गेले नाही. अमरावतीच्या खोलीत वहिनी दिवसभर दोन मुलांसोबत एकट्या असतील, तिथे ही आजी कुठून आणणार?

कठोरा रोडची आई
एकटेपणाचे म्हणणे खरे आहे, ते मी आधी लिहिले नाही, कारण कोणी विचारलेच नव्हते. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी दार लावून घ्यायची आणि सकाळी दूधवाल्याशीच पहिले बोलणे व्हायचे. तरी मी खोलीच्याच बाजूने आहे. मात्र मुलगी पहिलीत बसणारच नसेल तर यंदाचे भाडे वाया घालवू नका.

वावरवाला
घरमालकाला नकार कळवला. पुढच्या वर्षी शाळेत कोणते कागद लागतील? तिचा जन्म माहेरी झाला आणि जन्माच्या दाखल्यावर नावाची नोंद नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख
जिथे जन्माची नोंद झाली त्याच ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत अर्ज देऊन नाव चढवून घ्या, हे काम या उन्हाळ्यातच करा. तोपर्यंत काळजी नको. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कायद्याच्या कलम 14 मध्ये तसे स्पष्ट आहे, आणि अंगणवाडीच्या नोंदवहीतील जन्मतारीखही चालते. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतील. त्याआधी दोन्ही शिक्षिकांना भेटून मुलीला अधूनमधून पहिलीच्या वर्गात बसू देतील का, ते विचारून पाहा.